पूर्वरंगातले ज्येष्ठ

मराठीत 'ओपनिंग ॲक्ट'ला रूढ प्रतिशब्द नाही. क्रिकेटच्या समालोचनातून आलेला 'सलामी' हा शब्द वृत्तपत्रं अधूनमधून वापरतात, पण तो फसवा आहे. क्रिकेटमध्ये सलामीला जाणं हा मान असतो. नवा चेंडू, ताजेतवाने गोलंदाज, खेळपट्टीत काय दडलंय ते कुणालाच ठाऊक नाही, अशा वेळी संघ आपला सर्वांत भक्कम तंत्राचा माणूस पुढे पाठवतो. सुनील गावसकर सर्वांआधी पॅड बांधत ते संघात खालच्या पायरीवर होते म्हणून नव्हे. रॉकच्या कार्यक्रमात मात्र सर्वांआधी मंचावर येणाऱ्या बँडचं नाव पोस्टरवर सगळ्यात लहान अक्षरांत असतं. त्याची सलामी शब्दाच्या मूळ अर्थाची असते: दुसऱ्या कुणाला तरी केलेला मुजरा.

मला कीर्तनातला 'पूर्वरंग' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्याचं निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. गर्दी जमते आख्यानाला. पूर्वरंग चालू असताना मंडळी सतरंजीवर जागा शोधत असतात, चपला कुठे ठेवल्या ते आठवत असतात. जाणकार मात्र बुवांची पारख पूर्वरंगातच करतात, कारण तिथे गोष्टीचा आधार नसतो. कोकणातल्या दशावतारी खेळातही आधी आडदशावतार आणि मग आख्यान असा क्रम आहे, आणि आडदशावतार हल्ली पुष्कळ ठिकाणी आटोपता घेतला जातो. म्हणजे आधीचा भाग अवघड, आधीच्या भागाला गर्दी कमी आणि वेळ कमी पडला की कात्री आधीच्या भागालाच, हे आपल्याला नवं नाही.

या लेखाचा प्रश्न एवढाच आहे : ज्या बँडने तीस-चाळीस वर्षं हेवी मेटल वाजवलं, तो पूर्वरंगात उभा राहिला तर ऐकणाऱ्याच्या हाती काय लागतं? आणि या प्रश्नाचं जे उत्तर बर्मिंगहॅमला किंवा कॅलिफोर्नियाला लागू पडतं, ते कल्याण लोकलने मुंबईला जाऊन हे संगीत ऐकणाऱ्यांना लागू पडतं का? हा विषय दिवाळी अंकात कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी फडके रोडवर दिवाळीच्या सकाळी उभं राहून पाहावं. नव्या कुर्त्यांच्या गर्दीत कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट एखाद-दुसरा तरी दिसतोच, आणि तो घालणाऱ्याचे केस आता पांढरे व्हायला लागले आहेत. ठाणे-डोंबिवलीत हे संगीत ऐकणारी दुसरी पिढी कॉलेजात गेली आहे.

आपल्या कानांना मैफलीच्या क्रमाची एक पक्की सवय आहे. कल्याणच्या गायन समाजापासून पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवापर्यंत नियम एकच : धाकटे आधी, थोरले शेवटी. १९५३ साली सुरू झालेल्या त्या महोत्सवात सनईने आरंभ होई, नवे गायक-वादक सुरुवातीला बसत, आणि अनेक वर्षं सांगता भीमसेन जोशींच्या गाण्याने होई. त्यानंतर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लावली जाई. म्हणजे शिष्याच्याही नंतर गुरू. क्रमातच घराण्याची वंशावळ सांगितली जात होती. या रचनेत ज्येष्ठाला आधी बसवलं तर तो अपमान, आणि स्वतःहून बसला तर मोठेपणा.

या क्रमाला एक शास्त्रीय पळवाटही आहे, ती म्हणजे रागाची वेळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाले, रात्रभर चालणाऱ्या मैफली संपल्या. दरबारी आणि मालकंस यांची नैसर्गिक वेळ हिरावली गेली. पण त्याच्या बदल्यात मुलतानी, भीमपलास, मधुवंती यांना मंच मिळाला. दुपारी चारला बसलेल्या ज्येष्ठ गायकाला दुपारचा राग तरी असतो. हेवी मेटलला दुपारचा राग नाही. त्याची सगळी प्रतिमासृष्टी अंधारातली आहे आणि त्याचे दिवे, धूर, ज्वाळा अंधारावर बेतलेल्या आहेत. दहाची मर्यादा आणि मुख्य बँडचा अडीच-तीन तासांचा कार्यक्रम यांची वजाबाकी केली की आपल्याकडे सलामीच्या बँडच्या वाट्याला ऊन येतं, फार तर मावळती. भर उन्हात सैतानाचं नाव घेणाऱ्या माणसाकडे पाहताना श्रद्धाळू श्रोत्यालाही थोडं हसू येतं.

उन्हाखेरीज या जागेच्या आणखीही अटी आहेत, आणि त्या ठाऊक असल्याशिवाय पूर्वरंगातल्या बँडबद्दल बोलू नये. ध्वनितपासणी उलट्या क्रमाने होते : मुख्य बँड आधी, सलामीचा शेवटी. कारण साधं आहे, शेवटी लावलेली मांडणी तशीच ठेवून कार्यक्रम सुरू करता येतो. पण मुख्य बँडने दुपारभर वेळ घेतला की सलामीवाल्यांच्या वाट्याला प्रत्येक माईक चालू आहे ना, एवढं पाहण्यापुरती दहा मिनिटं उरतात. मुख्य बँडचे ड्रम मागच्या उंच चौथऱ्यावर काळ्या कापडाखाली झाकून ठेवलेले असतात, आणि सलामीच्या बँडचा ड्रमर त्यांच्यापुढे, मंचाच्या अरुंद पट्टीत आपला संच मांडतो. गिटारवाले जेमतेम हात-दोन हात हलू शकतात. प्रकाशयोजनेचा मोठा भाग त्यांच्यासाठी पेटवायचा नसतो. वेळ तीस ते पंचेचाळीस मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही. परदेशी दौऱ्यांत तर ही जागा मिळवायला सलामीच्या बँडने पैसे मोजण्याची प्रथाही आहे. आपल्याकडच्या हौशी नाट्यस्पर्धांत सेट लावायला आणि काढायला ठरावीक मिनिटं मिळतात, त्या धावपळीची ज्यांना आठवण आहे त्यांना हे चित्र लगेच समजेल.

२०२५ साली १७ मे रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस वाजवायला आले. काटेकोर बोलायचं तर ते हेवी मेटल नव्हेत, हार्ड रॉक. पण त्या दिवशी डोंबिवलीहून दादरला उतरून, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर गेलेल्या काळ्या टी-शर्टांना हा भेद सांगायची सोय नव्हती. आमच्या बाजूच्या माणसाचा एक फायदा असा, की तो लांबून येतो म्हणून लवकर निघतो आणि लवकर पोचतो. परतीची गर्दी चुकवायला शेवटची दोन गाणी सोडून निघणाराही तोच. त्यामुळे कर्जत-कसारा मार्गावरच्या श्रोत्याला पूर्वरंग हमखास पूर्ण मिळतो आणि उत्तररंग गाडीच्या भरवशावर असतो. बांद्र्याचा श्रोता याच्या नेमकं उलट ऐकतो.

सलामीला होता गिरीश अँड द क्रॉनिकल्स, २००९ साली सिक्कीममध्ये सुरू झालेला बँड. सोळा वर्षं म्हणजे पाश्चात्त्य हिशोबाने काही ज्येष्ठत्व नव्हे. पण भारतीय मेटलचं पंचांग वेगळं आहे. इथे बहुसंख्य बँड इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला विसर्जित होतात. सात वर्षं टिकलेला बँड वडीलधारा आणि सोळा वर्षं टिकलेला म्हणजे कुलवृत्तांतात नोंदवण्याजोगा. गिरीश प्रधानचा आवाज ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकच्या तार सप्तकात सहज वावरणारा आहे, आणि तो उघड्या मैदानात, अर्ध्या रिकाम्या गर्दीपुढे, खाण्याच्या रांगांच्या गोंगाटावरून ऐकताना एक गोष्ट जाणवली : तिथे आवाजाला कशाचीच मदत नव्हती. नॉस्टॅल्जिया नव्हता, कारण त्यांची गाणी लोकांच्या शाळेच्या दिवसांशी जोडलेली नाहीत. नंतर जे आले त्यांच्या प्रत्येक गाण्याला पन्नाशीच्या श्रोत्यांची अख्खी तरुण वयं टेकू देत होती. या दोन आवाजांची तुलना करणं अन्यायाचं, कारण एक ऐकला जात होता आणि दुसरा आठवला जात होता.

याच गन्स अँड रोझेसने १९८८ साली आधी आयर्न मेडनच्या आणि मग एरोस्मिथच्या अमेरिकी दौऱ्यात सलामीला वाजवलं होतं. एरोस्मिथबरोबर तर दौरा संपेपर्यंत सलामीवालेच मोठे झाले होते. आयर्न मेडननेही १९८० साली जूडास प्रीस्टच्या आणि किसच्या दौऱ्यांत तेच केलं होतं. १९७८ साली ब्लॅक सॅबथने दहाव्या वर्षाच्या दौऱ्यात सलामीला व्हॅन हेलनला घेतलं, ज्यांचा पहिला अल्बम त्याच वर्षी आला होता; थकलेल्या मुख्य बँडला या पोरांनी रोज रात्री झाकोळून टाकलं, असं त्या दौऱ्याचे बहुतेक साक्षीदार सांगतात. पुढच्याच वर्षी सॅबथने ऑझी ऑस्बोर्नला काढलं. तेव्हा पूर्वरंग ही तिथे एक शिडी असते. तरुण बँड त्यावर चढतो, एक-दोन वर्षांत वर पोचतो आणि मग दुसऱ्या कुणाला खाली उभं करतो. ही व्यवस्था निर्दय आहे, पण तिच्यात हालचाल आहे.

या शिडीवरून खाली उतरायची वेळ आलेल्या ज्येष्ठांची सर्वांत ठसठशीत गोष्ट १९९२ची आहे. ऑझी निवृत्त होणार होता (ती निवृत्ती टिकली नाही, पण तेव्हा कुणाला ठाऊक होतं!). निरोपाचे शेवटचे दोन कार्यक्रम १४ आणि १५ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे ठरले आणि सलामीला बोलावलं गेलं ब्लॅक सॅबथला. ज्या बँडने ऑझीला हाकललं, ज्या बँडमुळे हेवी मेटल हा प्रकार अस्तित्वात आला, त्याने ऑझीच्या आधी वाजवायचं. त्या वेळी सॅबथचा गायक होता रॉनी जेम्स डिओ. १९७९ साली ऑझीच्या जागी येऊन त्याने बँडला दुसरा जन्म दिला होता, आणि १९९२च्या 'डीह्यूमनायझर'साठी तो परतला होता. डिओने नकार दिला आणि बँड सोडला. त्या दोन रात्रींसाठी जूडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड आयत्या वेळी गायला उभा राहिला. दुसऱ्या रात्री ऑझीच्या कार्यक्रमाअखेर मूळ चौघं एकत्र आले आणि चार गाणी वाजवून गेले.

या प्रसंगात बहुतेक जण डिओला हट्टी ठरवतात. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे एखाद्या ज्येष्ठ गायकाने 'त्यांच्या आधी मी बसणार नाही' म्हटलं की त्यावर आपण दोन पिढ्या किस्से सांगतो, आणि बहुतेक वेळा गायकाच्या बाजूने. शिवाय हा नुसता मानापमानाचा मामला नव्हता. त्या रात्रीचा खरा शेवट मूळ चौघांच्या पुनर्मीलनात आहे, हे उघड होतं. डिओने आधी गाणं म्हणजे आपली दहा-बारा वर्षांची गाणी त्या पुनर्मीलनाची प्रस्तावना म्हणून वापरू देणं. कीर्तनातला पूर्वरंग आणि उत्तररंग एकाच बुवांचे असतात, म्हणून पूर्वरंगाला कमीपणा नाही. इथे पूर्वरंग एकाचा आणि उत्तररंग दुसऱ्याचा, आणि तोही पहिल्याला विसरायला लावणारा. डिओ गेला ते योग्य केलं. हॅलफर्ड उभा राहिला तेही योग्य, कारण त्याचं तिथे काही पणाला नव्हतं; तो बर्मिंगहॅमच्याच परिसरातला, मदतीला धावलेला शेजारी होता.

मानापमान बाजूला ठेवून नुसतं ऐकायचं ठरवलं तर मात्र दुसरीच गोष्ट समोर येते, आणि इथे मला मेगाडेथचं उदाहरण उपयोगी पडतं. डेव्ह मस्टेनला १९८३ साली मेटॅलिकातून काढलं गेलं आणि त्याने मेगाडेथ उभा केला. १९९०चा 'रस्ट इन पीस' हा थ्रॅश मेटलच्या पाच-सहा अटळ अल्बमांपैकी एक. २०२२ साली हा बँड अमेरिकेत फाइव्ह फिंगर डेथ पंच या बँडच्या आधी वाजवत फिरला. तो बँड २००५ सालचा. म्हणजे 'रस्ट इन पीस' आला तेव्हा त्यातले बरेचसे श्रोते शाळेतही जात नव्हते. आमच्या पिढीतल्या अनेकांना हे पाहून वाईट वाटलं. मला वाटतं, वाईट वाटून घेण्याआधी त्या दौऱ्यातली प्रेक्षकांनी टिपलेली चित्रणं नीट ऐकायला हवीत. मस्टेनचा आवाज आजारपणानंतर खूप खाली आला आहे, त्यात दुमत नाही. पण वेळ कमी, म्हणून सैल काही उरत नाही. ड्रमचं एकट्याचं प्रदर्शन नाही, गर्दीला हात वर करायला लावणारी भाषणं नाहीत. उरतात ती गुंतागुंतीची, लय बदलत जाणारी गाणी, आणि एक साठीतला माणूस, जो उजव्या हाताने विलक्षण वेगाचा ठेका राखत त्याच्याशी न जुळणाऱ्या लयीत गातो.

मला ७८ आरपीएमच्या तबकड्या आठवतात. तीन-सव्वातीन मिनिटांत ख्याल गायला लावणं हा तेव्हा अनेकांना भ्रष्टाचार वाटला होता. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना आपण म्हणत नाही की हे अपुरं आहे. आपण म्हणतो, या माणसाला रागाचा गाभा कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं. छोट्या वेळाने प्रत्येक मोठा गायक मोठा होत नाही; काही जण त्यात गुदमरले. पण पसाऱ्यावर जगणारा आणि गाभ्यावर जगणारा यांतला फरक त्या तबकडीने निर्विवाद दाखवला. पूर्वरंगातली चाळीस मिनिटं ज्येष्ठ मेटल बँडसाठी हेच काम करतात. वयाने दिलेला सगळा सरंजाम काढून घेतला जातो, आदर काढून घेतला जातो, अंधार काढून घेतला जातो. समीक्षकाला याहून चांगली जागा मिळणार नाही.

यात एक वजावट करायला हवी. द्रुत लयीचे बँड या परीक्षेत सोपे निभावतात. विलंबित लयीचे नाही. सॅबथचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात मधल्या दोन बोटांची टोकं गमावून बसला, मग त्याने हलक्या तारा लावल्या, आणि १९७० साली त्या पहिल्या अल्बमवर तीन सुरांचा तो संथ, अभद्र तुकडा आला ज्यातून पुढचं सगळं निघालं. तो तुकडा परिणाम करतो तो पुनरावृत्तीने. ऐकणारा आधी वाट पाहतो, मग अस्वस्थ होतो, मग शरण जातो. याला वेळ लागतो, जसा बड्या ख्यालात षड्ज स्थिरावायला लागतो. चाळीस मिनिटांच्या जागेत संथ बँडला दोनच पर्याय : तीन गाणी वाजवायची किंवा लय चढवायची. पहिल्यात श्रोते खाण्याच्या रांगेत जातात, दुसऱ्यात बँड स्वतःचा राहत नाही. म्हणून थ्रॅशचे ज्येष्ठ पूर्वरंगात तरतात आणि डूमचे ज्येष्ठ बुडतात. दर्जाशी याचा संबंध नाही, आणि हे न ओळखता 'म्हातारे झाले' असा निकाल देणारी परीक्षणं कानाआड करावीत.

२०२५ साली ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर जे झालं त्याने कोस्टा मेसाचं चित्र उलटं केलं. ब्लॅक सॅबथचे मूळ चौघं तब्बल वीस वर्षांनी एकत्र वाजवणार होते, शेवटचं. आणि त्यांच्या आधी सलामीला कोण? मॅस्टोडॉन, अँथ्रॅक्स, लॅम्ब ऑफ गॉड, पँटेरा, स्लेअर, मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, टूल. यांतला जवळपास प्रत्येक बँड एकट्याच्या बळावर स्टेडियम किंवा मोठं सभागृह भरवतो. त्या दिवशी प्रत्येकाने मोजकी गाणी वाजवली, त्यांत सॅबथची गाणी घेतली आणि मंच मोकळा केला. इथे डोंबिवलीत बसून थेट प्रक्षेपण पाहताना रात्र उलटली, शेवटाला पहाट झाली, आणि मला वाटत राहिलं की हा तर सवाईचाच क्रम आहे. प्रत्येक जण आपल्या घराण्याची एक बंदिश गाऊन मूळ पुरुषासाठी बैठक सोडतो आहे. ऑझी सिंहासनावर बसून आधी स्वतःची पाच गाणी गायला आणि मग सॅबथबरोबर चार. कोस्टा मेसाच्या दुसऱ्या रात्रीही चारच होती. सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला. त्या दिवशीच्या सलामीत कुणालाच कमीपणा वाटला नाही, कारण ती बाजाराने लावलेली नव्हती. तिथे सलामी हा शब्द मुजरा या अर्थाने आणि मान या अर्थाने एकाच वेळी खरा होता.

हे सगळं ज्यांच्या बाबतीत लागू पडत नाही असे ज्येष्ठ मात्र आपल्या घराजवळ आहेत.

मुंबईचा डिमॉनिक रेझरेक्शन साहिल मखिजाने २००० साली सुरू केला. २०१०मध्ये ब्रिटनमधल्या 'मेटल हॅमर'च्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात त्यांना जागतिक मेटलचा पुरस्कार मिळाला. भयानक मौत २००३चा. नावातलं 'भयानक' आपलं आणि 'मौत' हिंदी सिनेमाची. दोन गायक एकाच वेळी गुरगुरतात, आणि २०१४च्या 'मॅन'पर्यंत येताना त्यांनी निव्वळ आघातापासून रचनेपर्यंतचा जो प्रवास केला त्याची दखल मराठीत कुणी घेतल्याचं दिसत नाही. स्क्राइबने 'मार्क ऑफ तेजा' आणि 'हेल मोगॅम्बो' अशी नावं देऊन हार्डकोरच्या रागीटपणात मुंबईचा टवाळखोरपणा मिसळला. लॅम्ब ऑफ गॉड २०१० साली बंगळूरला आले तेव्हा त्यांच्या आधी भयानक मौत होते. मेटॅलिका ३० ऑक्टोबर २०११ला त्याच पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा त्यांच्या आधीच्या बँडांत स्क्राइब होते. त्याही आधी, मार्च २००७मध्ये, आयर्न मेडनच्या आधी दिल्लीचा परिक्रमा होता; १९९१पासून वाजवणारा, म्हणजे तेव्हाच सोळा वर्षांचा.

परदेशात ज्येष्ठ सलामीला येतो तो उतारावर आलेला असतो. त्याला माथा माहीत असतो. आपला ज्येष्ठ सलामीला येतो तेव्हा तो चढ संपण्याआधीच रस्ता संपलेला असतो. मेगाडेथच्या त्या छोट्या कार्यक्रमाला मी तबकडीची उपमा दिली, पण ती उपमा उभी राहते ती आपल्याला त्यांचे दोन-दोन तासांचे कार्यक्रम माहीत आहेत म्हणून. अब्दुल करीम खाँसाहेब तबकडीबाहेर तासन्‌तास गात होते. ज्याला फक्त तबकडीच मिळाली, त्याच्या संक्षेपाला संक्षेप कसं म्हणायचं? आपले बँड पस्तीस मिनिटांत इतके पारंगत झाले आहेत की त्यांची रचनासुद्धा तशीच घडते : पहिलं गाणं दार फोडणारं, मध्ये ओळखीचं, शेवटी गर्दीला गोल फिरवणारं. मंद काही करून पाहायचं धाडस कुठे करणार?

याची कारणं कलेतली कमी आणि जागेतली जास्त आहेत. १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक धोबी तलावच्या रंगभवनात व्हायचं. सीएसटीला उतरून चालत जाण्याच्या अंतरावर, आमच्या मध्य रेल्वेच्या माणसाला सर्वांत सोयीचं. शांतता क्षेत्राच्या नियमात ते खुलं सभागृह गेलं. शेजारी रुग्णालयं आहेत, नियम चुकीचा म्हणवत नाही. पण त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही. ठाण्याला गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर; ही सगळी नाटकासाठी, बसून ऐकायच्या गाण्यासाठी बांधलेली. खुर्च्या जमिनीला पक्क्या, तारखा महिनोन्‌महिने आधी गेलेल्या. मेटलचा श्रोता उभा राहून, एकमेकांना धडका देत ऐकतो. एका सभागृहाच्या व्यवस्थापकाला मी एकदा याबद्दल विचारलं, तर त्यांनी अगदी आपुलकीने सांगितलं, "तुमच्या मुलांना बसून नाही का ऐकता येणार?" प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. दोन तास बसवून ऐकवायचं तर बँडकडे दोन तासांची, उतार-चढाव असलेली मांडणी हवी, आणि ती तयार व्हायला आधी कुणीतरी दोन तास द्यायला हवेत.

डिमॉनिक रेझरेक्शनचा २०१७चा अल्बम आहे 'दशावतार'. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, अवतारांच्या क्रमाने. ही मालिका आहे. वामनाचं महत्त्व नरसिंहानंतर ऐकल्यावर कळतं, आणि बुद्धाची शांतता आधीच्या संहारावर उभी आहे. असं काम सलग, दहाच्या दहा, अंधारात, नीट ध्वनितपासणी करून वाजवलेलं ऐकायचं असेल तर सलामीची जागा पुरत नाही. पस्तीस मिनिटांत, गाण्यांमध्ये एक शब्द न बोलता, फार तर परशुरामापर्यंत पोचता येतं. मग मंचाच्या कडेला उभा असलेला कुणीतरी बोट दाखवतो, केबल गुंडाळायला सुरुवात होते, आणि मागच्या ड्रमवरचं काळं कापड काढलं जातं.